'सायको' म्हणण्याआधी...

(तृतीय वर्ष, ई. अँड टी.सी., लेडीज हॉस्टेल)

आपल्या हॉस्टेलवर सगळ्यात स्वस्त झालेला शब्द कोणता असेल, तर तो म्हणजे 'सायको'! एम-थ्रीच्या पेपरला तीन सप्लिमेंट घेणारा सायको, थंडीत पहाटे पाचला आंघोळ करणारी सायको, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री पाचही जर्नल्स लिहून काढणारा तर महासायको. हा शब्द ज्या आजाराच्या नावाशी जोडलेला आहे, त्या सायकोसिसबद्दल मात्र आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नसतं. आणि हा आजार पहिल्यांदा डोकं वर काढतो ते बहुतेक वेळा आपल्याच वयात. दहावी-बारावीपासून ते पंचविशी-तिशीपर्यंतचा हा काळ. म्हणजे अकरावी, डिग्री आणि पहिली नोकरी. म्हणजेच घरापासून लांब, हॉस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहण्याची वर्षं.

मराठी विभागासाठी लिहितेय म्हटल्यावर रूममेट्स हसल्या. कॉन्व्हेंटवाली आणि मराठीत लेख? पण हा विषय मला इंग्रजीत लिहायचा नव्हता. कारण आजार ज्या घरात येतो, तिथे तो मराठीतच येतो. 'बाहेरचं झालंय', 'डोक्यावर परिणाम झालाय', 'अभ्यासाचं टेन्शन घेतलंय', ही त्याची आपल्याकडची नावं. माझ्या आजोळीही ती वापरली गेली. त्याबद्दल पुढे लिहिलंय. आईला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "नाव घालू नकोस, पण लिही." म्हणून वर फक्त वर्ष आणि ब्रँच आहे.

सायकोसिस म्हणजे नक्की काय?

सोप्या शब्दांत, वास्तवाशी असलेला धागा तुटणं. यात मुख्यतः तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे भास. प्रत्यक्षात नसलेलं ऐकू येणं, दिसणं, वास येणं. यात सगळ्यात जास्त आढळतो तो आवाजांचा भास. 'ए ब्यूटिफुल माइंड' हा २००१ चा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात गणितज्ञ जॉन नॅशला माणसं दिसतात. खऱ्या नॅशना मात्र माणसं दिसत नव्हती, आवाज ऐकू यायचे. सिनेमात आवाज दाखवणार कसे, म्हणून माणसं आली!

दुसरी म्हणजे भ्रम. कितीही पुरावे दिले तरी न हलणारी चुकीची खात्री. 'माझ्यावर पाळत आहे', 'माझ्या डब्यात काहीतरी मिसळतात', 'माझे विचार बाकीच्यांना ऐकू जातात', 'टीव्हीवरचा निवेदक मलाच उद्देशून बोलतोय' वगैरे.

तिसरी म्हणजे विचारांची गाडी रुळावरून घसरणं. वाक्य सुरू होतं एका विषयावर आणि संपतं भलतीकडेच, मधला दुवा ऐकणाऱ्याला सापडत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सायकोसिस हे तापासारखं लक्षण आहे. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, साधा व्हायरलही असतो. तसंच सायकोसिस स्किझोफ्रेनियात दिसतो, बायपोलर आजारात दिसतो, तीव्र डिप्रेशनमध्ये दिसतो, गांजा किंवा इतर नशेमुळे होतो. कधीकधी मेंदूचा संसर्ग, थायरॉइडचा बिघाड अशा शारीरिक कारणांनीही होतो. आणि स्किझोफ्रेनिया म्हणजे 'एका माणसात दोन माणसं' हा सिनेमावाल्यांनी पसरवलेला गैरसमज आहे, तो आधी डोक्यातून काढून टाका.

किती जणांना होतो? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात आयुष्यात कधी ना कधी स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम सायकोसिसचा आजार झालेल्यांचं प्रमाण १.४ टक्के निघालं. म्हणजे शंभरात एक-दोघं. आपल्या प्रत्येक हॉस्टेलच्या मेसमध्ये एका वेळी किती ताटं वाढली जातात, ते मोजा आणि हिशोब करा. त्याच सर्वेक्षणात असंही दिसलं की या आजाराच्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

भोंगा सगळ्यांसाठीच वाजतो, पण...

माझं आजोळ श्रीपूरचं. माळशिरस तालुक्यातलं, साखर कारखान्याच्या भोंग्यावर चालणारं गाव. शिफ्ट बदलली की भोंगा, आणि भोंगा झाला की आजीचा चहा. लहानपणापासून तो आवाज इतका अंगवळणी पडलाय की वाजला तरी कानावर येत नाही.

माझा धाकटा मामा २००१ साली सोलापूरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स. आधी तो दर शनिवारी घरी यायचा, ते बंद झालं. मग मेसमध्ये जेवणं बंद झालं. दिवाळीला श्रीपूरला आला तेव्हा भोंगा वाजला की दचकून उभा राहायचा. आजोबांनी विचारल्यावर म्हणाला, "माझ्यासाठी वाजवतायत. मी घरी आहे, हे त्यांना कळलंय."

हे असं का होतं? शितिज कपूर नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यातली कल्पना ई. अँड टी.सी.वाल्यांना चटकन कळेल. आपल्या आजूबाजूला सतत हजार गोष्टी चाललेल्या असतात. त्यातलं 'महत्त्वाचं' काय, यावर शिक्का मारण्याच्या कामात मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. सायकोसिसमध्ये डोपामिनचं गणित बिघडतं आणि नको त्या गोष्टीवर 'महत्त्वाचं! तुझ्यासाठी!' असा शिक्का बसू लागतो. रिसीव्हरचा थ्रेशोल्ड फार खाली आणला की तो नॉईजलाच सिग्नल समजायला लागतो ना, तसंच काहीसं. मग मेंदू त्या खोट्या सिग्नलचा अर्थ लावायला बसतो आणि त्यातून भ्रमाची अख्खी गोष्ट तयार होते. (हे समजण्यापुरतं उदाहरण आहे, बरं का. मेंदू म्हणजे काही आपली कम्युनिकेशन लॅब नव्हे.)

म्हणून अशा माणसाला "काहीतरीच काय बोलतोस" म्हणून उपयोग नसतो. भोंगा खरंच वाजलेला असतो. त्याला वाटणारी भीतीही खरीच असते. फक्त मधला अर्थ चुकलेला असतो.

आधीच्या खुणा

सायकोसिस एका रात्रीत क्वचितच येतो. बहुतेकदा आधी काही आठवडे, काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं माणूस हळूहळू बदलत असतो. घरचे लांब असतात. सरांना साठ मुलांच्या वर्गात कळणं कठीण. ज्यांना हा बदल रोज दिसतो ते म्हणजे आपण, रूम पार्टनर. काय बघायचं?

१) माणसांतून उठणं. आधी गप्पा मारणारा, कट्ट्यावर बसणारा मुलगा खोलीतून बाहेर पडेनासा होतो. मेसची वेळ टाळतो, गर्दी संपल्यावर जेवायला जातो. घरचा फोन घेत नाही.

२) अभ्यासात अचानक घसरण. फर्स्ट क्लासवाल्याचे एकदम चार विषय राहतात. पुस्तक समोर असतं, पान तेच असतं. विचारलं तर म्हणतो, "वाचतोय पण डोक्यात शिरत नाही."

३) झोपेचं चक्र उलटं होणं. पी.एल.मध्ये नाईट मारणं वेगळं. इथे कारण नसताना रात्र-रात्र जाग, खोलीत येरझाऱ्या आणि दिवसा झोप.

४) स्वतःकडे दुर्लक्ष. आठवडा-आठवडा आंघोळ नाही, तेच कपडे, केस-दाढी वाढलेली, आणि त्याचं काहीच वाटत नाही.

५) भावना कोरड्या पडणं किंवा उलट्या होणं. आनंदाच्या बातमीवर चेहरा कोरा, दुःखाच्या बातमीवर हसू.

६) संशय. 'तुम्ही माझ्याबद्दलच बोलत होता ना?' हे एकदा नाही, रोज. खिडक्यांना कागद चिकटवणं, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर टेप लावणं, मेसचं जेवण हुंगून बघणं.

७) इंद्रियांची गडबड. नेहमीचे आवाज फार मोठे वाटणं, ट्यूबलाइट डोळ्यांना टोचणं, कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं वाटणं. या टप्प्यावर त्याला स्वतःलाही शंका असते, "मला वाटलं की खरंच ऐकू आलं?" ही शंका शिल्लक असण्याचा काळ फार मोलाचा आहे. तेव्हा तो मदत घ्यायला तयार होऊ शकतो.

८) विचित्र, नवीन ओढ. कधीही देवळात न गेलेला माणूस एकदम विश्वाचं रहस्य, आकड्यांमधले संकेत, आपल्यावर सोपवलेलं खास कार्य यातच बुडून जातो. वह्याच्या वह्या भरतो, पण वाचून अर्थ लागत नाही.

९) एकट्याने पुटपुटणं, हसणं, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं बोलणं. इथपर्यंत आलं तर हे 'आधीचं' राहिलं नाही, आजार सुरू झालाय असं समजा आणि वेळ घालवू नका.

प्रत्येक अबोल मुलगा आजारी नसतो

हे वाचून लगेच शेजारच्या कॉटकडे संशयाने बघू नका! फर्स्ट इयरला घरची आठवण येते. प्रेमभंग होतो. केटी लागली की माणूस तोंड लपवतो. काही जण जन्मतःच कमी बोलतात. कुणाची रोज पहाटे तासभर पूजा असते, ती त्याच्या घरची रीत असते. यातलं काहीही आजार नाही. पूर्वी बोलकी असलेली मुलगी गप्प झाली असेल तर रॅगिंग, छळ, घरची अडचण, डिप्रेशन अशी दहा कारणं असू शकतात. (त्यांनाही मदत लागतेच, तो भाग वेगळा.)

ओळखायची खूण एकच. त्याची तुलना तुमच्याशी किंवा चारचौघांशी करू नका, त्याच्याशीच करा. सहा महिन्यांपूर्वी तो कसा होता? बदल एकाच गोष्टीत आहे की तीन-चार गोष्टींत? दोन-चार दिवस टिकला की आठवडे झाले? आणि त्याचं जेवण, झोप, अभ्यास, मैत्री यावर परिणाम झालाय का?

आणखी एक दिलासा. जगभरातल्या खास केंद्रांमध्ये अशी सौम्य लक्षणं असलेल्या तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला. त्यातल्या बहुतेकांना पुढे पूर्ण सायकोसिस झाला नाही. तेव्हा खुणा म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टर करतील. आपलं काम लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांपर्यंत सोबत करायची. बस्स.

उशिराचा हिशोब

आपल्या भागात उसाची गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे. फडातच पडून राहिला, गाडीतळावर रांगेत वाळला, की साखरेचा उतारा घटतो. ऊस तोच, वजनही थोडंफार तेच, पण आतली साखर कमी. नंतर कितीही चांगली मिल लावा, गेलेली साखर परत येत नाही.

सायकोसिसमध्येही असाच एक काळ मोजतात. लक्षणं सुरू झाल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंतचा. हा काळ जितका लांबतो तितकं बरं होणं अवघड जातं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. अमेरिकेत ३४ केंद्रांत पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या ४०४ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. औषधं, समुपदेशन, घरच्यांना मार्गदर्शन आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत असं सगळं एकत्र मिळालेल्यांची प्रगती नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगली झाली. आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो लवकर आलेल्यांना. त्याच अभ्यासात उशिराचा मध्यांक निघाला ७४ आठवडे. जवळजवळ दीड वर्ष, म्हणजे तीन सेमिस्टर! हे अमेरिकेतलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १९९२ पासून खास पहिल्या सायकोसिससाठी केंद्र चालतं. आपल्याकडे चेन्नईची १९८४ मध्ये सुरू झालेली 'स्कार्फ' ही संस्था या विषयावर काम करते.

माझ्या मामाचा हिशोब तीन वर्षांचा आहे. पहिलं वर्ष देवऋषी, अंगारे, उतारे. दुसऱ्या वर्षी नवस आणि 'हवापालट'. तिसऱ्या वर्षी कुणीतरी सुचवलं, "लग्न करून द्या, ठिकाणावर येईल." (लग्न हे औषध नाही. अशाने एकाऐवजी दोन आयुष्यं अडकतात. आजोबांनी ते ऐकलं नाही, हे नशीब.) २००४ मध्ये सोलापूरच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं आणि तीन महिन्यांत तो अंगणात बसून पेपर वाचायला लागला. आज तो अकलूजला एका दुकानाचे हिशोब बघतो, रात्री एक गोळी घेतो, आणि माझा पहिला मल्टिमीटर मला त्यानेच घेऊन दिलाय. पण डिप्लोमा राहिला तो राहिलाच.

आई सांगते, सगळ्यात आधी त्याच्या रूम पार्टनर्सना कळलं होतं. तो रात्री भिंतीशी बोलतो, हे त्यांना दिवाळीच्या कितीतरी आधी माहीत होतं. त्यांनी काय केलं? रूम बदलून घेतली. ती मुलं वाईट होती असं मला वाटत नाही. अठरा-एकोणीस वर्षांची होती, घाबरली असतील. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. हा लेख लिहायचं खरं कारण हेच.

'देवराई' आणि डॉ. वाणी

मराठीत या आजारावर बोलायची सोय ज्यांनी केली, त्यांच्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांचं नाव फार वर आहे. ते कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. घरातलं हे दुखणं लपवून न ठेवता त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था उभी केली. रुग्णांच्या घरच्यांनी एकत्र बसायचं, अनुभव सांगायचे, एकमेकांना धीर द्यायचा, असे स्वमदत गट तिथे चालतात. धायरीला संस्थेचं पुनर्वसन केंद्र आहे.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांनी २००४ मध्ये 'देवराई' हा सिनेमा केला, त्याच्यामागेही डॉ. वाणी होते. अतुल कुलकर्णीने रंगवलेला कोकणातला हुशार, देवराईच्या ध्यासात हरवत गेलेला शेष आणि त्याला सांभाळणारी सोनाली कुलकर्णीची बहीण, दोघंही बघण्यासारखे आहेत. शेष कुणाला मारत नाही, चाकू घेऊन धावत नाही. तो घाबरलेला आहे. आमच्या घरी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता तेव्हा आजी मध्येच उठून आत गेली, असं आई सांगते.

हुशारी या आजारापासून वाचवत नाही. वशिष्ठ नारायण सिंह हे बिहारचे गणितज्ञ. १९६९ मध्ये बर्कलेहून पीएच.डी., नंतर आय.आय.टी. कानपूर, मुंबईची टी.आय.एफ.आर., कोलकात्याची सांख्यिकी संस्था. त्यांना ऐन तारुण्यात स्किझोफ्रेनियाने गाठलं. १९८९ मध्ये पुण्याच्या रेल्वेप्रवासात ते बेपत्ता झाले आणि सापडले ते १९९३ मध्ये, बिहारमध्ये छपऱ्याजवळ. २०१९ मध्ये ते गेले, आणि २०२० मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. दुसरीकडे, जॉन नॅश १९५९ मध्ये पहिल्यांदा हॉस्पिटलमध्ये दाखल झाले आणि १९९४ मध्ये त्यांनी नोबेल घेतलं. त्यांच्यामागे त्यांची पत्नी आणि प्रिन्स्टनची माणसं टिकून राहिली. आधाराची किंमत कशाने मोजणार?

आणि आधार नसला तर? ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथे एका आश्रयगृहाला आग लागली. तिथल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं. २८ जण पळू न शकल्यामुळे गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडाने बांधायला आता बंदी आहे. कायदा झाला, पण 'बांधून ठेवा' म्हणणारे अजूनही भेटतात.

मग आपण काय करायचं?

एकट्यात गाठा, चारचौघांत नको. दिसलेल्या गोष्टी सांगा, शिक्का मारू नका. "तू वेडा झालायस" ऐवजी "दोन आठवडे तुला झोप नाही, जेवत नाहीस. मला काळजी वाटतेय," असं म्हणा.

वाद घालू नका आणि होकारही भरू नका. "कुणी पाळत ठेवत नाहीये, मूर्खा" म्हटलं की तुम्हीही 'त्यांच्यातले' होता. "हो हो, मलाही दिसतंय" म्हटलं की भ्रम पक्का होतो. मधला रस्ता आहे: "मला ते ऐकू येत नाहीये, पण तुला त्याचा त्रास होतोय हे मला कळतंय."

झोपेवरून सुरुवात करा. 'सायकियाट्रिस्टकडे चल' म्हटलं की माणूस बिथरतो. 'झोप लागत नाही, त्यासाठी डॉक्टरांना भेटू' हे खोटंही नाही आणि पचतंही.

व्हिडिओ काढू नका. ग्रुपवर टाकू नका. दहा सेकंदांची क्लिप त्याच्या मागे आयुष्यभर फिरेल.

'नशेने बरं वाटेल' म्हणून गांजा, भांग, दारू देऊ नका. गांजाच्या नियमित सेवनाने सायकोसिसचा धोका वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. भांगही त्याच झाडाची.

मोठ्या माणसांना सांगा. रेक्टर, क्लास टीचर, घरचे. ही चुगली नाही. अपेंडिक्स फुटलेल्या मित्राला कुणाला न सांगता खोलीत ठेवाल का?

आणि हे तातडीचं: मरणाबद्दल बोलणं, 'आवाज मला अमुक कर म्हणतात' असं सांगणं, दोन-तीन दिवस अन्न-पाणी-झोप काहीच नाही, किंवा स्वतःला वा दुसऱ्याला इजा होईल अशी स्थिती. अशा वेळी त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. रेक्टरना उठवा, १०८ ची अॅम्ब्युलन्स बोलवा किंवा ११२ ला फोन करा. एरवी सल्ल्यासाठी 'टेलिमानस' ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मित्राबद्दल विचारायला तुम्ही स्वतःही फोन करू शकता. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही मानसोपचार विभाग आहे.

डॉक्टरांकडे काय होतं?

शॉक देतात, डांबून ठेवतात वगैरे सिनेमातलं डोक्यातून काढा. डॉक्टर आधी बोलतात. त्याच्याशी आणि सोबत आलेल्यांशीही. म्हणून काय, कधीपासून, झोप किती, नशा काही, हे कागदावर लिहून न्या. शारीरिक कारण नाही ना, हे बघायला रक्ताच्या तपासण्या होतात, गरज पडली तर मेंदूचा स्कॅन. सायकोसिस सांगणारी रक्ताची चाचणी नाही. आणि एका भेटीत कुणी स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारत नाही, त्यासाठी बराच काळ लक्षणं बघावी लागतात.

औषधं डोपामिनचा अतिरेक आवरतात. त्यांची सवय लागत नाही. पण दुष्परिणाम असतात: झोप, वजन वाढणं, अंग आखडणं, अस्वस्थपणा. ते डॉक्टरांना सांगितले की डोस किंवा गोळी बदलता येते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर गोळ्या बंद करणं. आजार उलटतो तो बऱ्याचदा इथेच. पहिल्या झटक्यानंतर पूर्ण बरे होऊन पुढे शिकणारे, नोकरी करणारे अनेक जण असतात. काहींना मधुमेहासारखी वर्षानुवर्षं गोळी लागते. तीही घेऊन जगता येतंच की!

घरचे देवऋषाकडे नेतात म्हणून त्यांना अडाणी म्हणू नका. ते घाबरलेले असतात. देवाला हात जोडायचे तर जोडू द्या, फक्त डॉक्टरांची तारीख चुकू देऊ नका. मारझोड, चटके, उपाशी ठेवणं असे अघोरी उपाय मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत.

मला होईल का?

हा प्रश्न मी आईला विचारला नाही, पण वाचला. जुन्या युरोपियन अभ्यासांच्या एकत्रित आकड्यांनुसार स्किझोफ्रेनियाची शक्यता सर्वसाधारण माणसाला सुमारे १ टक्का, सख्ख्या भावंडाला ९ टक्के, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर १३ टक्के, हुबेहूब जुळ्याला ४८ टक्के. भाचीला ४ टक्के. म्हणजे ९६ टक्के नाही. जुळ्यांचा आकडाही १०० नाही, यावरून कळतं की सगळं काही जीन्समध्ये लिहिलेलं नसतं. मी एवढंच करते: गांजा-भांगेच्या वाटेला जात नाही, पी.एल.मध्येही सहा तास झोपते, आणि माझी रूममेट आहे तिला सांगून ठेवलंय की मी बदलले तर मला सांग. तिने "तू आहेसच सायको" म्हटलं. मग गप्प झाली आणि म्हणाली, "सांगेन."

सर आणि मॅडम, तुमच्यासाठी

रेक्टर सर, मॅडम, एकदा वर्षाच्या सुरुवातीला मनोविकारतज्ज्ञांचं तासाभराचं व्याख्यान फर्स्ट इयरसाठी ठेवता येईल का? टेलिमानसचा नंबर मेसच्या दारावर, डिफॉल्टर लिस्टच्या शेजारी लावता येईल का? लिस्ट सगळेच वाचतात! अटेंडन्स अचानक कोसळली की घरी पत्र जायच्या आधी कुणीतरी त्या मुलाशी बोलावं. आणि उपचार घेऊन कुणी परत आला, तर त्याचा प्रवेश, त्याची खोली आणि त्याचं गुपित, तिन्ही सांभाळावं. एक वर्ष ड्रॉप गेलं तर काही बिघडत नाही. दार बंद झालं तर बिघडतं.

दर वर्षी २४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया जागृती दिन असतो. तो नेमका आपल्या परीक्षेच्या धामधुमीत येतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहायचा नाही. हरकत नाही. १४४१६ हा नंबर मात्र आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा, आणि शेजारच्या कॉटवरचा आज जेवला का, ते विचारा.